छापलेलं नाव म्हणजे दिलेला शब्द

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात गाण्याच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम असतो, तेव्हा एक कागद छापला जातो. ए-फोर आकाराचा, मधे एक घडी. पुढे तंबोऱ्याचं चित्र, आतल्या दोन पानांवर मुलांची नावं आणि प्रत्येकापुढे राग, ताल, गीतप्रकार. मागे जाहिराती. किंमत काही नाही, आयुष्य काही तासांचं. कार्यक्रम संपल्यावर निम्म्या प्रती खुर्च्यांखाली सापडतात आणि उरलेल्यांचा पंखा झालेला असतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या क्लासमध्ये मी मध्यमा पूर्णपर्यंत गाणं शिकले, त्या क्लासची ही कार्यक्रमपत्रिका गेली पाच वर्षं मीच तयार करते. काम तसं किरकोळ आहे. सर व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचे फोटो पाठवतात, मी ते टाइप करते, गावातला डीटीपीवाला माझा युनिकोडमधला मजकूर श्रीलिपीत बदलून घेतो. त्या बदलात 'ऱ्या' कुठेतरी तुटतो. मग दोन प्रुफं होतात आणि दोनशे प्रती निघतात.

हे काम करताना जो प्रश्न पडत राहतो, तो टायपिंगचा नाही. या कागदावर कुणाचं नाव असावं, कुठे असावं, कसं असावं, आणि त्यात न्याय म्हणजे नक्की काय? दोन पानांच्या कागदाला एवढा मोठा शब्द कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण ज्या मुलाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून येतंय, त्याच्या घरात तो कागद वाचला जातो तसा वर्तमानपत्राचा अग्रलेखही वाचला जात नाही.

यादी की वचन?

माझ्या पेशातल्या माणसाला कार्यक्रमपत्रिका हे सरळ एक टेबल दिसतं. ओळ म्हणजे विद्यार्थी. रकाने म्हणजे नाव, राग, ताल, वेळ. टेबलाचं कर्तव्य एकच, ते अचूक असावं. जे होणार तेच त्यात असावं आणि जे होणार नाही ते नसावं.

आता खरी परिस्थिती बघा. आमचा कार्यक्रम डिसेंबरात असतो. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे कापूस वेचणीचे दिवस. मजूर मिळत नाहीत, भाव कधी पडेल सांगता येत नाही, त्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस शेतात. खेड्यातून एसटीने क्लासला येणाऱ्या तीन-चार मुलांचं शेवटच्या दिवसापर्यंत नक्की नसतं. कागद मात्र चार दिवस आधी छापायला द्यावा लागतो. एका वर्षी नववीतल्या एका मुलाबद्दल मी सरांना विचारलं, की याचं येणं पक्कं नाही, तर नाव ठेवायचं का? टेबलाच्या नियमाने उत्तर 'नाही' असं होतं. सर म्हणाले, "ठेव. नाव छापलं तर घरचे सोडतीन त्याले. नाही छापलं तर कायले सोडतीन?"

या एका वाक्यात टेबलाची कल्पना मोडते. कारण इथे कागद घडणाऱ्या गोष्टीची नोंद करत नाही. तो ती गोष्ट घडवतोय. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत नेमकी अशीच वाक्यं तपासली होती. ती व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांचं म्हणणं असं, की काही वाक्यं जगाचं वर्णन करतात आणि काही वाक्यं जगात काहीतरी करतात. 'मी वचन देतो' हे वर्णन नाही, ती कृती आहे. अशा वाक्याला 'खरं की खोटं' विचारण्यात अर्थ नसतो. ते नीट पार पडलं की फसलं, एवढंच विचारता येतं.

मला वाटतं, विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाची पत्रिका या दुसऱ्या प्रकारात बसते. क्लास प्रत्येक मुलाला सांगतोय, की अमुक तारखेला तुझ्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवली आहेत. त्या दहा मिनिटांत माइक तुझा, तबला तुझ्यासाठी, आणि दोनशे माणसं गप्प बसतील. हे वचन आहे असं मानलं, की क्रम, साथीदार, आडनावं, देणगीदार या सगळ्या कटकटींकडे बघायची एक वेगळी कसोटी हातात येते.

उस्तादाच्या मैफिलीत कागद का नसतो

हिंदुस्थानी संगीतात छापील पत्रिकेची गरज मुळात फारशी नव्हती. मोठा गायक कोणता राग गाणार हे आधी जाहीर करत नाही. वेळ, आवाज, समोरचे श्रोते बघून तो ठरवतो; फार तर बसल्यावर माइकवर सांगतो. पाश्चात्त्य मैफिलीत रचना स्वरलिपीत आधीच लिहिलेली असते, म्हणून तिचं नाव आणि रचनाकाराचं नाव छापणं तिथे स्वाभाविक आहे. आपल्याकडे रचनाकाराने स्वतःची सोय बंदिशीतच केली. अठराव्या शतकात मुहम्मद शाहच्या दरबारातले नियामत खान 'सदारंग' ही मुद्रा बंदिशीच्या शब्दांत गुंफत. फैयाज खाँ 'प्रेमपिया', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास'. कागद हरवला तरी नाव हरवत नाही, कारण गाणाऱ्याला ते गावंच लागतं. माझ्या भाषेत सांगायचं तर मेटाडेटा फाइलच्या बाहेर न ठेवता आतच घातला.

शिकणाऱ्या मुलाचं नाव मात्र कुठल्याच बंदिशीत नसतं. ते कागदावर येऊ लागलं त्यामागे एक मोठा बदल आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. राजाश्रयावर न विसंबता लोकांच्या पैशांवर चालणारी, अभ्यासक्रम आणि परीक्षा असलेली गाण्याची शाळा. १९३१ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार हा जिना आज महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत मुलं चढतात, तो या मंडळाचा. त्या आधी शिष्य कोण, हे गंडाबंधनाने ठरायचं आणि घराण्याच्या आत राहायचं. पलुसकरांच्या वाटेने शिष्य 'विद्यार्थी' झाला, म्हणजे हजेरीपटावरचं, परीक्षेच्या फॉर्मवरचं आणि प्रमाणपत्रावरचं एक नाव. तालुक्याच्या गावातली पत्रिका याच परंपरेतली आहे. तिचा अर्थ एवढाच, की गाणं शिकायला कुणाच्या घरात जन्म घ्यावा लागत नाही.

आणि तरीही मुलापुढे राग छापण्याचं कारण उस्तादापेक्षा उलटं आहे. उस्तादाला मोकळीक हवी म्हणून तो राग छापत नाही. मुलाला आधार हवा म्हणून आम्ही छापतो. 'राग भूपाली, तीनताल, छोटा ख्याल' असं लिहिलं, की पहिल्या रांगेतले काका "बेटा, एखादं नाट्यगीत होऊन जाऊ दे" म्हणू शकत नाहीत. एखादी मुलगी ख्यालाचा फक्त विलंबित भाग तयार करून आली असेल, तर आम्ही 'विलंबित ख्याल' एवढंच लिहितो. कागद तिच्या तयारीपेक्षा मोठा होऊ द्यायचा नाही. पूर्ण करता येणार नाही असं वचन तिच्या वतीने द्यायचं नाही.

क्रम विकता येत नाही

सगळ्यात जास्त फोन येतात ते क्रमावरून. मैफिलीच्या जगात शेवटची जागा मानाची. भीमसेन जोशींनी पुण्यात १९५३ मध्ये सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवातही समारोप ज्येष्ठ कलावंताने करायची रीत आहे. मुलांच्या कार्यक्रमात हे गणित उलटतं. लहान मुलं आधी, कारण त्यांना झोप येते. आणि लहान मुलं गाऊन झाली, की त्यांचे आईबाप, आजी, मावशी असे सात-सात जण उठून जातात. अकरावीतली मुलगी, जी खरोखर बागेश्री गाते, तिच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या.

मग अकारविल्हे लावावं का? संगणकवाल्याला हा सगळ्यात निष्पक्ष उपाय वाटतो. पण वर्णमालाही निष्पक्ष नसते. लिरान एनाव आणि लिएट यारिव या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक अभ्यास मांडला. अर्थशास्त्रात शोधनिबंधावर लेखकांची नावं अकारविल्हे देण्याचा प्रघात आहे, आणि अमेरिकेतल्या अव्वल अर्थशास्त्र विभागांत ज्यांच्या आडनावाचं अक्षर वर्णमालेत आधी येतं त्यांना कायमची नेमणूक मिळण्याची शक्यता जास्त दिसली. मराठीत तर आणखी गंमत आहे. आपण शाळेत 'क्ष' आणि 'ज्ञ' वर्णमालेच्या शेवटी म्हणतो. युनिकोडमध्ये मात्र ही स्वतंत्र अक्षरं नाहीत; साधं सॉर्ट लावलं की ज्ञानेश्वर 'ज' मध्ये आणि क्षितिजा 'क' मध्ये जाऊन बसते. म्हणजे यंत्राने लावलेला क्रमही कुणीतरी कधीतरी ठरवलेलाच असतो.

वचनाच्या कसोटीने विचारलं तर प्रश्न बदलतो. कोण श्रेष्ठ हे ठरवायचं नसून प्रत्येकाला जे कबूल केलंय ते त्याला कुठे मिळेल हे बघायचं आहे. आम्ही वचन दिलंय ऐकणाऱ्यांचं. म्हणून आता लहान-मोठे मिसळून लावतो. प्रारंभिकची दोन मुलं, मग विशारदची एक ताई, पुन्हा दोन छोटी. लहानांना मोठ्यांचं गाणं कानावर पडतं आणि मोठ्यांना श्रोते मिळतात. आजीला उठून जायचं असेल, तर मधेच उठायला जरा लाज वाटते, हाही एक फायदा.

एकदा एका देणगीदाराने सुचवलं, की प्रमुख पाहुणे आल्यानंतर त्यांच्या नातवाचं गाणं ठेवावं. हॉलचं अर्धं भाडं त्यांनी दिलं होतं. सरांनी मागचं पूर्ण पान त्यांच्या दुकानाच्या जाहिरातीला दिलं, आभारही माइकवर मानले, आणि नातवाला होता तिथेच ठेवला. जागा विकता येते, क्रम विकता येत नाही. कारण क्रम बदलणं म्हणजे एका मुलाला आधी दिलेली वेळ परत घेऊन दुसऱ्याला देणं. ती वेळ आता विकायला क्लासची राहिलेली नसते.

बावीस गाण्यांचा एक तबलजी

कार्यक्रमात बावीस मुलं गातात आणि एकच माणूस तबला वाजवतो. मुलं दहा मिनिटं बसतात, तो कार्यक्रम संपेपर्यंत बसतो. मूल समेवर चुकलं, की त्याला अलगद परत आणतो, आणि हे कुणाच्या लक्षातही येऊ देत नाही. पत्रिकेत त्याचं नाव रिवाजाने शेवटच्या ओळीत असतं, 'साथसंगत' म्हणून, लहान अक्षरांत, ध्वनिव्यवस्थेच्या वर.

नाव लहान छापायचा हा रिवाज जुना आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जानची ध्वनिमुद्रणं झाली. गाणं संपता संपता ती स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या, तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं कळावं म्हणून, असं त्याचं कारण सांगितलं जातं. तिच्यामागे सारंगी आणि तबला वाजवणाऱ्यांनी आपलं नाव सांगितलं नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आम्ही आमच्या तबलजींना विचारलं. ते म्हणाले, "नाव काय चाटाचं हाय का? पाकीट वेळेवर द्या म्हंजे झालं." हे उत्तर गमतीत सोडून देण्यासारखं नाही. ज्याला मानधन उशिरा मिळतं त्याला सन्मानाच्या गप्पा सांगणं हा एक प्रकारचा खोटेपणाच आहे. आधी पाकीट, मग नाव. पण पाकीट वेळेवर दिल्यावर नाव माफ होतं का? माझ्या मते नाही, कारण ते नाव फक्त त्यांच्यासाठी नसतं. आपण एकट्याने गात नाही, हे मुलाला कळण्यासाठी ते असतं. आता ते नाव पहिल्या पानावर आहे, तारखेच्या खाली, मुलांच्या नावांइतक्याच अक्षरांत: 'आज सगळ्यांना तबल्याची साथ'. हार्मोनियमचंही तसंच. पाकीट कार्यक्रमाआधी.

तुझं नाव कसं छापू?

सगळ्यात अवघड रकाना नावाचाच. आमच्याकडे आडनाव वाचलं, की माणूस कळला असं लोक समजतात. जात कळते, गाव कळतं, गाण्याबद्दलची अपेक्षाही तिथेच ठरते. पत्रिका हातात घेऊन बोटाने आडनावं तपासणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे सुचणारा उपाय सोपा, की आडनावं काढून टाका. सगळ्यांची फक्त पहिली नावं ठेवली, की समता आली.

पण एका वडिलांनी फोन करून सांगितलं, "आडनाव ठेवा ताई. आमच्यात गाण्याच्या कागदावर पहिल्यांदाच छापून येऊन राह्यलं ते." त्याच वर्षी दहावीतल्या एका मुलीने हळूच मेसेज केला, की माझ्या नावापुढे फक्त आईचं नाव लिहाल का? दोघांचं म्हणणं एकमेकांच्या विरुद्ध, आणि दोघंही बरोबर.

या भूमीत नाव घेणं हे गायकाचं कामच राहिलेलं आहे. प्रधान समाजाचे गायक किंगरीच्या साथीने गोंड घराण्यांच्या पिढ्या गाऊन जपत आले. तिथे कुळाचं नाव हाच गाण्याचा विषय. अशा जिल्ह्यात आडनाव पुसणं म्हणजे आपोआप न्याय, असं म्हणता येत नाही. दुसरीकडे, नाव बदलून जगण्याचा मार्ग शोधलेल्यांचीही परंपरा आहे. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची मुलं आईबरोबर वेगळी झाली, तेव्हा अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले आणि चंपाकलीची हिराबाई बडोदेकर. ज्या काळात कुलीन म्हणवणाऱ्या समाजाला बाईने लोकांसमोर गाणं मान्य नव्हतं, त्या काळात हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या, त्या या नावाने. छापायचं नाव कोणतं, हे त्या घराने स्वतः ठरवलं.

शासनानेही आता रकाना बदललाय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहिणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण सरकारी फॉर्मला एकच साचा लागतो. आमच्या कागदाला तो लागत नाही. म्हणून मी प्रत्येक मुलाला एकच प्रश्न पाठवते: तुझं नाव कसं छापू? उत्तर येईल तसंच छापते. परिणामी पत्रिकेत एकसारखेपणा राहत नाही. कुणाचं तिहेरी नाव, कुणाचं एकेरी, कुणाचं आईच्या नावासह. डीटीपीवाला वैतागतो. पण समान वागणूक म्हणजे समान साचा, ही आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची सवय आहे. समान वागणूक म्हणजे प्रत्येकाला तोच प्रश्न विचारणं, आणि उत्तर ऐकणं.

पीडीएफ का नाही

मित्र विचारतात, कागद कशाला, पीडीएफ पाठव की. झाडं वाचतील, 'ऱ्या' तुटणार नाही. मुद्दा खरा आहे. पण पीडीएफ बदलता येते. एखादं मूल येणार नाही म्हणून कळलं, की पाच मिनिटांत त्याची ओळ गाळून नवी फाइल ग्रुपवर टाकता येते, जणू ते नाव तिथे कधी नव्हतंच. छापलेला कागद ही सोय देत नाही, आणि वचनाला अशी अडचण लागतेच. सहज मागे घेता येतं त्याला आपण वचन म्हणत नाही.

आमच्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांचं नाव जाहीर झालं होतं, आणि संमेलन तोंडावर आलेलं असताना ते निमंत्रण मागे घेण्यात आलं. कित्येक लेखकांनी त्या कारणाने यायचं नाकारलं. उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने, आणि त्या जे बोलल्या ते लोकांनी मन लावून ऐकलं. पण एक नाव चांगलं आलं म्हणून दुसरं नाव काढल्याचा हिशोब मिटत नाही. ज्याला शब्द दिला, त्याचं देणं तसंच उरतं.

राहिला नववीतला तो मुलगा. तो आला असता तर गोष्ट गोड झाली असती. तो आला नाही. सरांनी त्याचं नाव पुकारलं, थोडं थांबले, आणि म्हणाले, "याचं गाणं आपण पुढे ऐकू." कारण सांगितलं नाही, कीव केली नाही, पुढचं नाव घेतलं. फेब्रुवारीत, वेचणी संपल्यावर, एका रविवारी क्लासच्या खोलीत तीस-चाळीस जण जमले. तबलजी आले. सरांनी तोच डिसेंबरचा कागद हातात घेतला, अकराव्या क्रमांकावर बोट ठेवलं आणि नाव वाचलं. मुलगा दुर्गा गायला. फार चांगलं गायला असं नाही. अंतऱ्यात श्वास पुरला नाही.

टेबल म्हणून बघितलं तर तो कागद दोन महिने चुकीचा होता. वचन म्हणून बघितलं तर त्याची मुदत लांबली आणि ते पाळलं गेलं. मला यातला दुसरा अर्थ जास्त कामाचा वाटतो. तुमच्यापैकी कुणावर कधी असा कागद करायची वेळ आली, सोसायटीच्या गणपतीत असो की ऑफिसच्या समारंभात, तर फॉन्ट निवडण्याआधी प्रत्येकाला त्याचं नाव विचारा. आणि छापलेल्यापैकी कुणी येऊ शकलं नाही, तर त्याची दहा मिनिटं कुठेतरी लिहून ठेवा.